अक्कांची बोटं

सायकल विकून लेन्स आणणारा मास्तर अशी आमच्या चाळीत माझी ओळख होती आणि ती खोटी नव्हती. सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापूरच्या पूर्व भागात, दिवसभर मागांचा खडखडाट चालायचा अशा गल्लीत मी बायको आणि लहान मुलासह राहायचो. मी हायस्कुलात जीवशास्त्र शिकवायचो. मुलांना माशीचा डोळा खरा कसा दिसतो ते दाखवायचंय, असं मी सगळ्यांना सांगायचो. खरं म्हणजे गावात दुसऱ्या कुणाला येत नाही असं काहीतरी मला करून दाखवायचं होतं. हे तेव्हा स्वतःशी तरी कबूल केलं असतं तर बरं झालं असतं.

कॅमेरा होता, मेहुण्याने वापरून दिलेला. त्याची लेन्स हातभर लांबूनच बघायची, माशीसाठी ती निरुपयोगी. कॅमेरे आणि घड्याळं दुरुस्त करणारे एक चाचा नव्या पेठेत बसायचे. त्यांच्याकडे मी तीन महिने खेटे घातले. शेवटी एके दिवशी त्यांनी काउंटरवर फडकं पसरलं आणि तीन वस्तू मांडल्या. पहिली, लेन्सच्या तोंडावर चष्म्यासारखी बसवायची काच. तिने फोटोच्या कडा लोण्यासारख्या वितळतात, म्हणाले. दुसरी, कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायच्या पोकळ कड्या. त्यांनी मुंगी छान येते, पण कडी लावली की लांबचं काहीच स्पष्ट होत नाही. समोर माणूस आला तर आधी सगळं काढून ठेवायचं. तिसरी होती ती खरी मॅक्रो लेन्स, जपानी, कुणाची तरी वापरलेली.

"ये लेव मास्टर," चाचा म्हणाले. "मुंगी बी आती, आदमी का मूं बी आता. कुछ निकालना नै, कुछ लगाना नै. फकत चार कदम पीछे जाना, बस."

याच एका गुणापायी मी सायकल विकली. काच आणि कड्या कितीतरी स्वस्तात मिळत होत्या. पण एकाच लेन्समध्ये मुंगीही आणि माणूसही, यावर मी भाळलो. पुढे वर्षभर शाळेत चालत गेलो. बायकोने नावं ठेवली नाहीत, फक्त माझ्या चपला किती झिजल्या ते अधूनमधून त्या उलट्या करून दाखवायची.

लेन्स आली आणि मला कशाचंच भान राहिलं नाही. घरातली साखर, मीठ, कढीपत्त्याच्या पानामागची किड्यांची अंडी, खिडकीत मरून पडलेले पतंग, सगळं मी जवळून बघायला लागलो. ही कला शिकायला वेळ लागतो. इतक्या जवळून फोटो काढायचा तर फोकसची कडी फिरवत बसून भागत नाही. कडी एका जागी ठेवायची आणि आपणच सुतासुताने पुढेमागे व्हायचं, नेमकं स्पष्ट झालं की श्वास रोखून खटका दाबायचा. उजेड आत सोडणारं लेन्सचं छिद्र कितीही बारीक केलं तरी ज्वारीच्या दाण्याच्या जाडीएवढंच काय ते स्पष्ट येतं, बाकी सगळं धूसर. लेन्स एवढी पुढे नेली की आपलीच सावली फोटोवर पडते, म्हणून मी जेवणाचं स्टीलचं ताट भिंतीला टेकवून उन्हाची तिरीप उलटी वळवायचो. ताट जागेवर नसलं की बायको म्हणायची, "तुमची माशी जेवली का?"

शेजारच्या खोलीत अक्का राहायच्या. घरात तेलुगू बोलणारं कुटुंब. यजमान गिरणीत मागावर, त्यांना सगळी चाळ दाजी म्हणायची. मुलीचं लग्न होऊन ती नांदायला गेलेली. अक्का दारात सूप मांडीवर घेऊन दिवसभर बिड्या वळायच्या. पान कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, दोऱ्याचे दोन वेढे आणि अंगठ्याच्या नखाने तोंड बंद. बोलता बोलता हे चालायचं, नजरही सुपाकडे नसायची. माझ्या बायकोला बाळंतपणात ताप भरला तेव्हा याच अक्कांनी आठ दिवस आमची चूल सांभाळली होती. हे इथेच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मी काय केलं त्याचं वजन कळेल.

छायाचित्रांच्या हौशी मंडळींनी बक्षिसांसकट एक प्रदर्शन भरवायचं ठरवलं. माशी कोण बघणार, असं माझ्या डोक्यात आलं आणि मला अक्कांची बोटं दिसली. तंबाखूने तपकिरी झालेली, तर्जनीवर दोरा ओढून ओढून पडलेला खोल चरा, अंगठ्याचं पिवळं पडलेलं जाड नख. मी त्यांना म्हणालो, "अक्का, रविवारी तुमचा फोटो काढू का?"

बोटांचा, हा शब्द मी उच्चारला नाही. मला तो सांगण्यासारखा वाटलाच नाही.

अक्का हातातली बिडी तशीच धरून माझ्याकडे बघत राहिल्या. "माजा? येकटीचा?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं की त्यांचा आयुष्यात एकच फोटो निघालाय, मुलीच्या लग्नातला, आणि त्यातही पुढच्या बाईने ऐनवेळी पदर सावरला नि अक्कांचं तोंड झाकलं गेलं. "कपाळ तेवडं दिसतंय. मी हाय म्हून मला म्हाईत, दुसऱ्याला कसं कळावं."

रविवारी सकाळी त्या आल्या. शिकेकाईने न्हायलेल्या, केसांत अबोलीचा गजरा, कपाळाला हे एवढं कुंकू, अंगावर मुलीच्या लग्नातली जरीकाठाची साडी. दाजी मागे उभे, तेही दाढी करून. अक्कांनी दोन्ही हात पुढे करून मला दाखवले. पहाटे उठून लिंबू आणि राख लावून त्यांनी ते घासले होते. बोटं लाल झाली होती, अंगठ्याचं नख तर सगळ्यात जास्त घासलेलं, पण डाग बरेच गेले होते.

आणि मला राग आला. आजही हे लिहिताना तोंड कुठे लपवावं कळत नाही, पण खरंच राग आला. माझा फोटो त्या लिंबाने पुसून टाकला होता.

मी म्हणालो, "अक्का, सूप घेऊन बसा. थोड्या बिड्या वळा. हाताला जरा रंग येऊ दे."

त्या दाजींकडे बघायला लागल्या. "ह्या साडीवर?"

"हो, चालतंय."

मास्तर म्हणतोय म्हणजे त्यात काहीतरी असणार, एवढा त्यांचा माझ्यावर विश्वास. त्यांनी सूप आणलं. जरीची साडी गुडघ्याखाली खोचली आणि अर्धा तास बिड्या वळल्या, हात माझ्या मनाजोगते मळेपर्यंत. मग मी ताट भिंतीला लावलं, गुडघ्यांवर बसलो आणि लेन्स त्यांच्या बोटांपासून वितीच्या आत नेली.

"बिडी अर्धी वळून थांबा. आता हलू नका."

अक्का थांबल्या. मान ताठ, पदर दोन्ही खांद्यांवर, हनुवटी किंचित वर. फोटोला बसतात तशा बसल्या होत्या. लेन्स खाली हाताशी आहे हे त्यांना दिसत होतं, पण यंत्रातलं त्यांना काय कळणार. त्यांनी विचारलं, "मास्तर, हसू का नगं?"

"हसा की," मी म्हणालो. मला काय फरक पडत होता. "फक्त हात हलवू नका."

पूर्ण रोल होईपर्यंत, छत्तीस वेळा, अक्का हसल्या. मी ते हसू पाहिलं नाही. मला चरा दिसत होता, नख दिसत होतं, दोऱ्याचा एक सुटलेला तंतू दिसत होता. मी श्वास रोखून बसलो होतो आणि मनात बक्षीस घोळत होतं. दाजी दाराशी उभे राहून अक्कांकडे बघत होते. तो चेहरा त्या दिवशी पाहिला असेल तर त्यांनी.

बायको आतून सगळं बघत होती. ते दोघं गेल्यावर ती म्हणाली, "अहो, एक तरी त्यांचा काढायचा होतात."

"रोल संपला," मी म्हणालो.

फोटो मोठा करून घेतला, चांगला हातभर. खाली नाव लिहिलं, 'श्रम'. पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी भाषणात सांगितलं की या बोटांत सगळं सोलापूर आहे, आणि मी खाली मान घालून विनयाने हसलो.

दुसऱ्या दिवशी अक्का आणि दाजी प्रदर्शन बघायला आले. तीच साडी. एका शाळेच्या हॉलमध्ये चाळीसेक फोटो लावले होते. अक्का एकेका फोटोसमोर थांबत, निरखून बघत पुढे सरकत होत्या. मला आधी वाटलं, रस घेऊन बघताहेत. त्या स्वतःला शोधत होत्या. माझ्या फोटोसमोरून तर त्या तशाच पुढे गेल्या. मीच त्यांना परत आणलं आणि म्हणालो, "हा बघा, तुमचा."

त्यांनी बराच वेळ बघितलं. "ही बोटं हायती," त्या म्हणाल्या. मग अगदी साधेपणाने विचारलं, "तोंड दुसरीकडं लावलंय व्हय?"

आजूबाजूच्या दोघातिघांना हसू आलं. आणि मी म्हणालो, "तो फोटो अजून धुवायचाय, अक्का. पुढच्या आठवड्यात देतो."

हे वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज निघालं की मला खोटं बोलल्यासारखं वाटलंसुद्धा नाही. अक्कांचा चेहरा खुलला. "मग हरकत न्हाई," म्हणाल्या. "आमाला वाटलं, र्‍हायलाच."

पुढच्या रविवारी त्यांनी विचारलं, त्याच्या पुढच्याही. मग नळावर भेटल्या की नुसतं बघायच्या, आणि मी आपणहून सांगायचो, कागद संपलाय, रसायन संपलंय. दोनेक महिन्यांनी त्यांनी बघणंही सोडलं. लेन्स तर रोज कॅमेऱ्यावरच असायची. शेजारच्या दारात बाई बसलेली असायची. मिनिटाचं काम होतं. पण परत बसा म्हणायचं तर तोंडाचा फोटो काढलाच नव्हता हे सांगायला हवं होतं, आणि तेवढी हिंमत माझ्यात नव्हती. लोकांना मी आळशी वाटलो असेन. मी आळशी नव्हतो, मी भित्रा होतो. बायकोने एकदा स्पष्ट विचारलं तेव्हा मी तिच्यावर खेकसलो. त्यानंतर तिने ताटावरून चेष्टा करायचंही बंद केलं.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर अक्कांच्या छातीत कफ धरला. तंबाखूच्या धुळीने आधीच दम लागायचा. सिव्हिलमध्ये नेलं, पाच दिवसांत गेल्या. हिरव्या चुड्यानिशी गेल्या म्हणून चाळीतल्या बायका त्यांच्या पाया पडल्या.

दहाव्याच्या आदल्या दिवशी दाजी आमच्याकडे आले. खाली बसले नाहीत. "मास्तर," म्हणाले, "त्यो तिचा फोटू धुवायचा र्‍हायलाय न्हवं. आता द्या. उद्या हार घालायचा हाय."

मी त्यांना थांबा म्हणालो आणि निगेटिव्हची पाकिटं काढली. काही नाही हे मला ठाऊक होतं, तरी पट्टी खिडकीशी धरून एकेक चौकट बघत गेलो. छत्तीसच्या छत्तीस बोटं. एका चौकटीत कडेला धूसर काहीतरी होतं. भिंगाखाली धरून बघितलं, साडीचा काठ होता. दाजी माझ्या पाठीमागे उभे होते आणि तेही त्या पट्टीकडे वाकून बघत होते, आता ती सापडेल म्हणून.

मग मी सांगितलं. काढलाच नव्हता, तेव्हा खोटं बोललो, सगळं सांगितलं. ते चिडले असते, दोन शब्द बोलले असते तर मला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "पर ती तर हसत हुती की. मी बगितलं."

मी पट्टी पाकिटात परत सरकवायला लागलो.

"लई येळ हसत हुती," ते म्हणाले. मग त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "त्यो बोटांचा हाय का तुमच्याकडं?"

तो आमच्याच भिंतीवर होता, बक्षिसाच्या कागदाशेजारी. मी उतरवला. देण्याआधी काच काढून त्याच्याखालचं 'श्रम' मात्र पातं घेऊन कापून टाकलं, तेवढं तरी सुचलं मला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीत पाटावर तो फोटो ठेवला होता, झेंडूचा हार घालून. लेक रडत होती. गल्लीतले लोक येत होते, हात जोडत होते आणि जरा गोंधळून परत वाकून बघत होते. दाजींनी करंडा उघडला, उजव्या हाताचं बोट कुंकवात बुडवलं आणि काचेपाशी नेलं. तिथे ते बोट थांबलं. ते वर गेलं, खाली आलं, परत वर गेलं. मग त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं.

"मास्तर, कुटं लावू?"

सगळी खोली माझ्याकडे बघत होती. मी मान खाली घातली. बायकोने माझा हात धरला नाही.

शेवटी त्यांचं त्यांनीच ठरवलं आणि अंगठ्याच्या नखावर कुंकू लावलं. लिंबू आणि राख घेऊन अक्कांनी त्या रविवारी पहाटे सगळ्यात जास्त घासलं होतं, तेच हे नख होतं.