विंडोजचं सोंग

आमच्या वर्कशॉपमध्ये एसी एकाच खोलीत होता आणि तो माणसांसाठी नव्हता. चाकणच्या एका मोठ्या गाडी कंपनीला आम्ही गिअरबॉक्सची झाकणं पुरवत होतो. झाकणाची भोकं जागच्या जागी आहेत की नाहीत हे पाहणारं मोजणीचं मशीन त्या खोलीत होतं. काळ्या ग्रॅनाइटचं टेबल, त्यावर खांब, खांबाला लोंबणारी सुई आणि सुईच्या टोकाला लाल मणी. मणी झाकणाला हलकेच टेकायचा आणि शेजारचा कॉम्प्युटर आकडा टिपून घ्यायचा. गरमीनं धातू फुगतो, मग आकडा खोटा येतो, म्हणून खोली बारा महिने गार.

त्या खोलीचे राजे आबा. कुरुळीचे, जुन्या शेतकरी घरातले, आमच्या शेठच्या भावकीतले. शाळा सातवीपर्यंत. मशीन आलं तेव्हा ते बसवायला आलेल्या माणसानं आबांना शिकवलं आणि तेव्हापासून त्या खुर्चीवर दुसरं कोणी बसलं नाही. एप्रिल-मे महिन्यात साऱ्या वर्कशॉपला त्या खोलीत काम निघायचं. कोणी पेन शोधायला यायचा, कोणी खिशात मोबाइल असताना किती वाजले ते विचारायला. आबा चष्म्यावरून बघत म्हणायचे, "वाजल्यात जायाचं."

मशीनच्या मागे एका पत्र्याच्या डब्यात आबांचं कांद्याचं बी असायचं. घरच्या कांद्याचं, स्वतः धरलेलं.

"उकाड्यात बी मरतं, ग्रॅज्वेट," त्यांनी मला समजावलं होतं. "मोटारीच्या झाकणाला गारवा लागतोय, मग कांद्यानंच काय घोडं मारलंय?"

मला ते ग्रॅज्वेटच म्हणायचे. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला, त्यामुळे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पाठ आपोआप ताठ झाली. पुढे लक्षात आलं की प्रिंटरमध्ये कागद अडकला की ते ही हाक जरा जास्तच लांबवून मारतात.

आमच्या तालुक्याच्या शाळेत कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागत. आत एकुलत्या एका कॉम्प्युटरवर मखमली झूल असायची. सर ती देवाचं वस्त्र उतरवावं तशी उतरवायचे आणि आम्ही रांगेनं जाऊन माउसला एकेकदा हात लावून यायचो. त्या सरांचे उपकार मी विसरलेलो नाही. आज माझ्या हाताखाली दहा-बारा कॉम्प्युटर आहेत, पण त्यातल्या एकालाही मी कधी थापड मारली नाही. आबा मात्र मारायचे आणि त्यांच्या थापडेनं ते चालूही व्हायचे.

भानगड सुरू झाली ती गाडी कंपनीचा तपासनीस आला तेव्हा. त्यानं मोजणीच्या खोलीतला कॉम्प्युटर पाहिला, त्यावरचं जुनं विंडोज पाहिलं आणि साप दिसल्यासारखा एक पाऊल मागे सरला. असलं जुनाट विंडोज नेटवर्कवर चालणार नाही, काढा, असं सांगून तो गेला. ऑफिसमधले बाकीचे कॉम्प्युटर मी आधीच विंडोज काढून लिनक्स या फुकट मिळणाऱ्या सिस्टिमवर नेले होते. पण मोजणीचा प्रोग्रॅम फक्त त्या जुन्या विंडोजसाठीच लिहिलेला, आणि तो लिहिणारी कंपनी कधीच बंद पडलेली.

शेठनं पुण्याहून नवं सॉफ्टवेअर विकणाऱ्या माणसाला बोलावलं. त्यानं लॅपटॉपवर ते दाखवलं. झाकण गोल गोल फिरत होतं, रंग बदलत होतं आणि बटणं इतकी होती की मलाच गरगरलं.

शेठ मला बाहेर घेऊन गेले. "आबांना हे जमायचं न्हाई राव. नवीन पोरगं बसवू शिकलेलं. आबांना पॅकिंगला देऊ, बसून काम हाय."

पॅकिंग म्हणजे पत्र्याची शेड. दुपारी तिथे उभं राहिलं की केसांतून वाफ निघते. पण गरमीचं सोडा, आबा त्या खुर्चीवरून उठले तर ते कोण राहतील, हा माझ्यापुढचा प्रश्न होता. काचेच्या दारापलीकडून ते आमच्याकडेच बघत होते.

"जुना प्रोग्रॅमच नव्या कॉम्प्युटरवर चालवून दाखवला तर?" मी विचारलं.

"चालंल?"

"चालेल," मी म्हणालो. तोवर मी असलं काही कधी केलेलं नव्हतं.

"खंडेनवमीला तो पुण्याचा पुन्हा येणार हाय. तवर दाखव. न्हाई जमलं तर त्याचं घेऊ आणि आबांना शेडमधी."

मी लहान असताना आमच्या गल्लीत एक बहुरूपी यायचा. कधी फौजदार, कधी वकील. दारात उभा राहून आईला दरडावायचा, "तुमच्यावर वॉरंट आहे!" आईला ठाऊक असायचं आणि आईला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक असायचं. तरी ती घाबरल्यासारखं करून त्याच्या झोळीत ज्वारी घालायची. मला नेमकं हेच करायचं होतं. लिनक्सला विंडोजचं सोंग द्यायचं. त्यासाठी मधे एक दुभाष्या प्रोग्रॅम बसवावा लागतो. जुना प्रोग्रॅम आपल्या भाषेत विचारतो, सी ड्राइव्ह कुठे आहे? दुभाष्या एक साधं फोल्डर पुढे करतो आणि म्हणतो, हा काय, हाच. प्रोग्रॅम विचारतो, मशीनची केबल कुठे जोडलीय? दुभाष्या भलतंच भोक दाखवून सांगतो, तुमच्या नेहमीच्याच जागी. फरक इतकाच की आईला सोंग कळायचं, आणि या प्रोग्रॅमला कळून चालणार नव्हतं.

पहिल्या दिवशी अक्षरांच्या जागी चौकोन आले. मग अक्षरं आली, पण रिपोर्ट आडवा छापला गेला. तोही सरळ झाला. मला चेव चढला. मी पडद्यावर तीच जुनी हिरवी टेकडी आणि निळं आभाळ लावलं, सगळी चित्रं जिथल्या तिथे मांडली, आबांचा तेलकट कीबोर्ड नव्या कॉम्प्युटरला जोडला. जुन्या कॉम्प्युटरवरचा गणपतीचा स्टिकरसुद्धा नखानं सोडवून नव्यावर चिकटवला.

आबा बसले, प्रोग्रॅम उघडला, एंटर मारला आणि भलतीच खिडकी उघडली.

"ह्ये काय?" आबा म्हणाले. "रामराम कुठं गेला?"

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. जुन्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम उघडला की रोज एक चुकीची पाटी यायची. इंग्रजीत काहीतरी फाइल सापडत नाही म्हणून. आबा तिला "रामराम" म्हणून एंटर मारायचे आणि कामाला लागायचे. कित्येक वर्षांत ती फाइल कोणालाच लागलेली नव्हती. नव्या कॉम्प्युटरवर ती पाटी येत नव्हती, म्हणून आबांचा एंटर पुढच्याच बटणावर पडत होता. आबांना सवय मोडायला सांगणं सोपं होतं. पण त्यांची बोटं डोक्याला विचारून चालत नसत.

मग मी एक खोटी चूक तयार केली. तोच करडा चौकोन, तोच लाल फुलीचा गोळा, तेच इंग्रजी. मला शिकवणाऱ्या साऱ्या गुरुजनांना मनातल्या मनात नमस्कार करून मी ती बसवली. त्यांनी मला चुका काढायला शिकवलं होतं. घालायला मी माझा मीच शिकलो.

आबांनी पाटी पाहिली, चेहरा खुलला. "रामराम," म्हणाले आणि एंटर मारला. आता खरी चूक आली. मशीन सापडत नाही.

मी माझ्या नावानं कॉम्प्युटर उघडून पाहिलं. सुई मुकाट खाली आली. आबांच्या नावानं उघडलं, तर मशीन सापडत नाही. तपासनीस येऊन गेल्यापासून प्रत्येकानं आपापल्या नावानंच काम करायचं असा शेठचा हुकूम होता. केबल बदलली, पुन्हा पुन्हा सगळं बसवलं. माझ्या हाताला चालायचं, आबांच्या हाताला नाही.

"रुसलंय ते," आबा म्हणाले. "नवं हाय. पूजा न्हाई झाली अजून."

"आबा, असं नसतं."

"मग कसं असतं, ग्रॅज्वेट?"

मी पुन्हा एकदा केबल काढून लावली. आणि खंडेनवमी तर दुसऱ्याच दिवशी होती.

सकाळी मी पोचलो तर वर्कशॉपमध्ये अजून झाडलोटच चालली होती, पण मोजणीच्या खोलीच्या दारात रांगोळी काढून झालेली. मशीनच्या खांबाला झेंडूचा हार, ग्रॅनाइटवर कोरा कागद आणि त्या कागदावर हळदीकुंकू, म्हणजे टेबलाला डाग नको. कॉम्प्युटरपुढे पाच पानं मांडून त्यांवर सुपारी. आबा धुतलेल्या टोपीत उदबत्ती ओवाळत होते.

"इतक्या लवकर?" मी म्हणालो.

"मुहूर्त हुता," आबा म्हणाले.

पुण्याचा माणूस टाय लावून आला, त्यानं लॅपटॉप उघडला. शेठ आले, त्यांनी हार पाहिला आणि हात जोडले. पुण्याच्या माणसानं मशीनच्या केबलला हात घातला तसे शेठ ओरडले, "ओ, ओ! काय करताय?"

"सर, पाच मिनिटांचा डेमो..."

"पूजा झालीय त्याची! आता कोण हात लावील? उद्या दसरा. परवा या."

"सर, मी खास पुण्याहून आलोय."

"मग पेढा घ्या की," आबा म्हणाले आणि ताट त्याच्या नाकाखाली धरलं. त्यानं पेढा घेतला. माझ्यापाशी आल्यावर आबांनी माझ्या हातावर दोन ठेवले आणि एक डोळा मिटला. मुहूर्त कोणत्या पंचांगातला होता, हे मी विचारलं नाही.

दसऱ्याला त्यांनी मला जेवायला बोलावलं. मी पुनावळ्याला भाड्याच्या खोलीत राहतो आणि सणाला डब्याची मावशी सुट्टीवर असते, हे त्यांना माहीत होतं. कुरुळीच्या त्यांच्या घराच्या फाटकाला मी हात लावला आणि आतून कुत्रा असा धावून आला की खिशातली आपट्याची पानं तिथेच सांडली. आबा मागून आले, त्याच फाटकातून आत गेले. कुत्रं शेपूट हलवत बाजूला झालं. मी पाऊल टाकलं, पुन्हा गुरगुर.

आबांच्या मंडळी ओट्यावरून हसत म्हणाल्या, "अवं, फाटक उघडंच हाय. तुमची वळख न्हाई त्याला, म्हून. ह्यांनी एकदा सांगितलं की मग काय करत न्हाई."

आबांनी माझा हात धरून कुत्र्याच्या नाकाला लावला. "आपला हाय ह्यो."

मी तिथेच उभा. फाटक उघडंच आहे. केबल नीट आहे, प्रोग्रॅम नीट आहे, सोंगही नीट आहे. पण लिनक्स त्या केबलच्या दारात बसून येणाऱ्याला हुंगतो. प्रोग्रॅम बसवताना मी माझी ओळख करून दिली होती. आबांची दिलीच नव्हती! फक्त एका ओळीचं काम होतं.

"काय झालं?" आबांनी विचारलं.

"आबा, ते रुसलेलं नाही. तुम्हाला ओळखत नाही ते."

"माज बघ त्याचा," आबा म्हणाले. "चल, पुरणपोळी गार हुतीय."

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी पोचलो. ती एक ओळ लिहिली, आबांना केबलच्या दारातली ओळख दिली आणि बाजूला झालो. वेळ झाली. शेठ उभे, पुण्याचा माणूस लॅपटॉप मांडीवर घेऊन तयार, दाराच्या काचेला अर्धं वर्कशॉप नाक लावून. आबांनी झाकण टेबलावर बसवलं, चष्मा पुसला, प्रोग्रॅम उघडला.

करडा चौकोन आला. लाल फुली.

"बघा सर," पुण्याचा माणूस लगेच म्हणाला, "एरर आली."

शेठ पुढे वाकले, पाटी नीट पाहिली आणि त्यांचा चेहरा एकदम सैल झाला.

"अवो, ही तर रोजचीच! ही आली म्हंजे मशीन बरं हाय."

"रामराम," आबा म्हणाले आणि एंटर मारला.

सुई थरथरली, खाली आली आणि लाल मणी भोकाच्या कडेला टेकला. आकडा उमटला. दुसरा, तिसरा. सगळे हिरवे. आबांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही, दुसऱ्या झाकणाला हात घातला. पुण्याच्या माणसानं लॅपटॉप मिटला.

शेठनं मला विचारलं, "म्हंजे काहीच बदललं न्हाई?"

"काहीच नाही," मी अभिमानानं म्हणालो.

"मग इतके दिवस तू करत काय हुतास?"

आबांचे खांदे हलले. ते हसत होते.

त्या आठवड्यात आबांनी डब्यातलं बी नेऊन रोप टाकलं. ते दाट उगवलं, हेही त्यांनी एसीच्या नव्हे तर पूजेच्या खात्यावर जमा केलं. खुर्ची त्यांचीच राहिली. हल्ली शेठनं त्यांच्या हाताखाली आयटीआय झालेली एक मुलगी दिली आहे, पुढेमागे आबा थकले तर म्हणून. परवा मी दारातून जात होतो, तेव्हा आबा तिला शिकवत होते.

"पयल्यांदा ही चूक येती. हिला घाबरायचं न्हाई. रामराम म्हणायचं आन् एंटर."

"पण आबा, ही चूक येतेच कशाला?" मुलीनं विचारलं.

आबांनी काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी चेहरा शक्य तितका ग्रॅज्वेटसारखा ठेवला.

"त्ये या सायबास्नी इचार," आबा म्हणाले. "त्यांला बी न्हाई घावली अजून."