दहापैकी सहा

चेंडू आपल्याकडे येतोय म्हटल्यावर कुणीही चेंडूकडे बघेल. साहेब मागे बघायचा. आधी डाव्या खांद्यावरून, मग उजव्या, पुन्हा डाव्या. चेंडू पायाशी पोचेपर्यंत मागे कोण उभं आहे, कोण धावत येतंय, मोकळी जागा कुठे आहे, सगळं त्याला ठाऊक झालेलं असायचं. मैदानाबाहेरही ही खोड सुटली नव्हती. अमेरिकेत, आमच्या चँडलर शहरातल्या इंडियन ग्रोसरीत बिलाच्या रांगेत उभा असला तरी मान वळत राहायची. आमचा गोलकीपर बंटी त्याला एकदा म्हणाला, "यार, तुझ्यामागे पोलीस लागलेत का?" साहेब हसला नाही. "वीस वर्षं कुणी ना कुणी लागलेलंच होतं," म्हणाला.

त्याचं खरं नाव केव्हिन. उत्तर इंग्लंडमधल्या कुठल्याशा गिरणीच्या गावचा. आमच्या रविवारच्या टीममध्ये पुण्याचे, मुंबईचे, बंटी आणि मी नागपूरचे, शिवाय दोघं हैदराबादचे. अशा टीममध्ये एकच इंग्रज आला तर त्याचं दुसरं काय नाव पडणार? त्याला अर्थ समजावून सांगितला तेव्हा तो मनापासून खूश झाला. "माझा बाप बिस्किटांच्या कारखान्यात होता. आमच्या घराण्यात साहेब झालेला मी पहिलाच," म्हणाला. दुपारनंतर तो एका अकॅडमीत मुलांना फुटबॉल शिकवायचा. उन्हाळ्यात आम्ही पहाटे, ऊन तापायच्या आत खेळायचो. पार्कात पळायला आलेला हा माणूस एकदा आमचा खेळ बघत थांबला. बराच वेळ त्यानं सोसलं, मग न राहवून आत आला.

तो मिडफिल्डर. सगळी कारकीर्द इंग्लंडच्या तिसऱ्या-चौथ्या डिव्हिजनमध्ये, पुढे त्याहून खाली, आणि शेवटी अमेरिकेतल्या एका छोट्या लीगमध्ये. गोल करणाऱ्यांची नावं लोकांच्या लक्षात राहतात, गोलकीपरच्या चुका लक्षात राहतात. मधल्या माणसानं एकाकडून चेंडू घ्यायचा आणि दुसऱ्याला द्यायचा. त्यांच्या गावचं वर्तमानपत्र दर सामन्यानंतर प्रत्येक खेळाडूला दहापैकी गुण द्यायचं. साहेबाला सहा. पावसात सहा, उन्हात सहा, जिंकले तरी सहा. "चार मिळाले की हकालपट्टी," तो सांगायचा, "आणि आठ मिळाले की पुढच्या शनिवारी लोक आशेनं बघणार. सहावर माणूस संसार करू शकतो."

खेळताना तो ओरडायचा एकच शब्द, "हायडिंग!" पहिल्यांदा आम्हाला कळेना. मग त्यानं खेळ थांबवून समजावलं. पास चुकला की माणूस घाबरतो आणि नकळत प्रतिस्पर्ध्याच्या आडोशाला जाऊन उभा राहतो, म्हणजे त्याला कुणी चेंडू देऊच शकणार नाही. धावतो खूप, घामही गाळतो, पण लपलेला असतो. "प्रेक्षकांना पत्ता लागत नाही," साहेब म्हणाला. "तुम्हाला स्वतःला लागतो, आणि ज्याच्या पायात चेंडू आहे त्याला लागतो. चुकलात तर दुप्पट मागा चेंडू."

हे त्याला कुठे शिकायला मिळालं, तेही एका रविवारी कळलं. खेळ संपवून आम्ही झाडाखाली पोहे खात होतो. बंटीनं विचारलं, "साहेब, तुझी सगळ्यात मोठी मॅच कुठली?" तो बोटांनी प्लेटमधले शेंगदाणे वेचत सांगू लागला. मोसमाचा शेवटचा सामना, जिंकेल तो क्लब वरच्या डिव्हिजनमध्ये. बरोबरी, शेवटची काही मिनिटं. चेंडू त्याच्या पायात, आपल्याच गोलच्या बाजूला. प्रेक्षकांच्या स्टँडमध्ये भिरकावून दिला असता तरी चाललं असतं. पण एक सहकारी मोकळा दिसला आणि त्यानं पास दिला. पाय थोडा घसरला, चेंडू आखूड पडला, समोरच्यानं उचलला आणि गोल. परतीच्या बसमध्ये त्याला कुणी शिवीसुद्धा दिली नाही.

"मग?" बंटी हातातला चमचा विसरला होता.

"मग काय, सकाळी घरात दूध नव्हतं. मुलगी तान्ही होती. गावात दुकान एकच. बायको म्हणाली, मी जाते. मी म्हटलं, नको, मीच जातो." दुकानात शिरला तसं बोलणं थांबलं. क्लबचा मफलर गळ्यात घातलेला एक म्हातारा फ्रीजपाशी उभा होता. त्यानं साहेबाकडे बराच वेळ बघितलं. मग फ्रीजचं दार उघडून धरलं. साहेबानं दूध घेतलं, म्हाताऱ्यानं दार लावलं.

त्याच मे महिन्यात क्लबनं त्याला सोडलं. मे महिना हा त्याच्या बोलण्यात कायम येणारा महिना. करार वर्षावर्षाचे. मोसम संपला की खेळाडूंना कॉरिडॉरमध्ये खुर्च्यांवर बसवायचे आणि मॅनेजर एकेकाला आत बोलवायचा. "आत गेल्यावर तोंडाकडे बघायचं नाही," साहेब सांगायचा. "तो हात मिळवायला उठून उभा राहिला की संपलं. बसून राहिला की अजून एक वर्ष." बाहेर आलेला माणूस खुर्च्यांवरच्या मित्रांकडे न बघता थेट पार्किंगकडे चालू लागायचा, आणि उरलेले सगळे बुटांच्या नाड्या बांधायला लागायचे.

साहेबाकडून हे ऐकलं त्या वर्षी आम्हीही नाड्याच बांधत होतो. चिप बनवणाऱ्या आमच्या कंपनीत कपात होणार अशी कुजबुज होती. टीममधले निम्मे लोक त्याच क्षेत्रातले, बहुतेक व्हिसावर. रविवारी त्याबद्दल कुणी अवाक्षर काढायचं नाही, पण पाणी प्यायला थांबलं की प्रत्येक जण आधी फोन बघायचा. एका मंगळवारी मला विषय न लिहिलेली मीटिंग आली. व्हिडिओवर मॅनेजर आणि एचआरची एक अनोळखी बाई. काही मिनिटांत सगळं आटोपलं. व्हिसाच्या नियमानं आता दोन महिन्यांत दुसरी नोकरी, नाहीतर घर आवरून नागपूर.

बायकोला, अनघाला, सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "मिळेल रे." मग सिंकपाशी उभी राहून धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला लागली. सात वर्षांच्या मीरानं आमचं बोलणं ऐकलं असावं. रात्री जेवताना तिनं विचारलं, "बाबा, आर वी मूव्हिंग?" आम्ही दोघंही एकदम "नाही" म्हणालो, आणि तो एकदम म्हटलेला नकार तिला पटला नाही.

पुढचे दोन रविवार मी खेळायला गेलो नाही. फोन उचलले नाहीत. बंटीला मेसेज केला, पाठ दुखतेय. दिवसभर लॅपटॉपसमोर बसून अर्ज पाठवत होतो, पण ओळखीच्या एकाही माणसाला फोन करत नव्हतो. एका दुपारी बेल वाजली. बाहेर भट्टीसारखं ऊन, आणि दारात बगलेत चेंडू घेतलेला साहेब.

"पाठ कशी आहे?" त्यानं विचारलं.

"ठीक आहे."

"मग शूज घाल."

"साहेब, मूड नाही यार. माझी नोकरी गेली."

"ठाऊक आहे. बंटीला तुमच्या ऑफिसातून कळलं, त्यानं सांगितलं. मॅनेजर उठून उभा राहिला का?"

"व्हिडिओ कॉल होता. बसलेलाच होता."

"बघ, काय दिवस आलेत," तो म्हणाला, आणि कित्येक दिवसांनी मला हसू फुटलं. त्यानं चेंडू माझ्या छातीवर टेकवला. "तू लपलायस. आणि छान लपलायस. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, किती काम करतोय."

त्यानंतर तो जवळजवळ रोज दुपारी यायचा. कम्युनिटी सेंटरच्या एसी हॉलमध्ये आम्ही भिंतीवर चेंडू मारायचो, आणि प्रत्येक फटक्यामागे त्याचा एक प्रश्न. "आज कुणाला फोन केलास? तो काय म्हणाला? पुन्हा कधी करणार?" नाही केला म्हटलं की चेंडू पायाखाली धरून ठेवायचा. लाज गिळून मी जुन्या सहकाऱ्यांना फोन करायला लागलो. दोन ठिकाणी शेवटच्या फेरीपर्यंत जाऊन नकार आला. दुसऱ्या नकाराच्या दिवशी अनघानं माळ्यावरून बॅगा काढल्या आणि पुसून ठेवल्या. साहेबानं त्या बघितल्या. त्या दिवशी तो भिंतीवर इतक्या जोरात चेंडू मारत होता, की हॉलचा माणूस येऊन बघून गेला.

मुदत संपायला थोडे दिवस उरले असताना बंटीच्या ओळखीतून शेजारच्या टेम्पी शहरातल्या एका कंपनीत इंटरव्ह्यू झाला आणि ऑफर आली. व्हिसाचे कागद वेळेत गेले. त्या रविवारी टीमनं जल्लोष केला. साहेबानं मला मिठी मारली, वाजवीपेक्षा जरा जास्तच वेळ. घरी आल्यावर मी म्हटलं, त्याला जेवायला बोलावू या. अनघा खुर्चीत बसली. "लवकर बोलाव," ती म्हणाली. "तो गुरुवारी चाललाय. कायमचा."

अकॅडमी विकली गेली होती. नव्या मालकाला जुने कोच नको होते, आणि साहेबाचा व्हिसा त्याच नोकरीला बांधलेला. माझ्या नोकरीपाठोपाठ आठवड्याभरात त्याचीही गेली होती. दुपारी, मुलांना शिकवायच्या वेळेला, हा आपल्याकडे कसा येतो, हे अनघाच्या लक्षात आलं होतं. तिनं सरळ विचारलं आणि त्यानंही सरळ सांगितलं. वर म्हणाला होता, "वैनी, त्याला आत्ता सांगू नका. एका वेळी एकानंच खाली पडलेलं बरं."

गुरुवारी मी त्याला विमानतळावर सोडायला गेलो. वाटेत मी चिडलो होतो. "मला का नाही सांगितलंस? मीही चार फोन केले असते."

"केले असतेस," तो म्हणाला. "आणि मग स्वतःसाठी केले नसतेस." मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मी केले ना फोन. सगळ्यांना केले. पन्नाशीला टेकलेला कोच कुणाला हवाय?" त्याच्या आवाजात भीती मी प्रथमच ऐकली. टर्मिनलपाशी त्याच्या दोन बॅगा उतरवल्या. तिकडे इंग्लंडात मुलगी न्यायला येणार आहे, असं त्यानं सांगितलं. गावाजवळच्या एका अगदी खालच्या लीगमधल्या क्लबनं संध्याकाळी मिडफिल्डवाल्यांचा सराव घ्यायला बोलावलं होतं. दिवसा व्हॅन चालवणार होता. हात मिळवून तो आत गेला.

दोन-तीन महिने साहेबाचे नुसते त्रोटक मेसेज. मग एका रविवारी, आम्ही खेळ संपवून पार्कातल्या टेबलापाशी बसलो असताना, बंटीच्या फोनवर व्हिडिओ आला. साहेबाच्या मुलीनं काढलेला. चिखलाचं मैदान, तिरका पाऊस, कठड्याला टेकून उभे असलेले थोडेसे लोक. खाली तिनं लिहिलं होतं, "दोघं जखमी झाले, माणसं कमी पडली. डॅड उतरलाय. एका गोलनं पुढे आहोत." आम्ही सगळे त्या एवढ्याशा पडद्यावर ओणवे झालो. कुणीतरी "ग्रँडपा!" म्हणून ओरडत होतं. साहेब हात वर करून चेंडू मागत होता. मिळत नव्हता. पुन्हा मागत होता. अखेर मिळाला, आपल्याच गोलच्या बाजूला, आणि दोन तरणेबांड पोरं दोन्ही बाजूंनी त्याच्यावर धावून आली.

"मार बाहेर, मार ना यार!" बंटी फोनवर ओरडला.

साहेबानं तो बाहेर मारला नाही. एक क्षण पायाखाली धरला आणि डावीकडच्या माणसाला दिला. चिखलातून, सरळ, त्याच्या पायात.

व्हिडिओ तिथंच संपला. आम्ही इतक्या जोरात ओरडलो, की शेजारच्या टेबलावर वाढदिवसाचा केक कापणारी मंडळी दचकून उठली. त्यातल्या एकानं विचारलं, "गोल झाला का?"

"नाही," बंटी डोळे पुसत म्हणाला. "पास दिला."