मागाच्या खडखडाटातलं बोलणं

धाकटी लग्न होऊन घरात आली त्या दिवशी थोरल्या जावेने तिचं जे स्वागत केलं, त्याने फळीवरचे दोन डबे खाली आले, शेजारचं मांजर जे पळालं ते दुसऱ्याच गल्लीत संसाराला लागलं, आणि समोरचा शिंपी आग लागली समजून बादली घेऊन धावत आला. थोरली म्हणाली होती फक्त एवढंच, "ये गं बाई, बस. दमली असशील." पण थोरली गिरणीतल्या विणकाम खात्यात कामाला. शेकडो मागांच्या खडखडाटात कान गेलेले आणि घसा मात्र ठणठणीत. बिचाऱ्या नवरीने डोळ्यांत पाणी आणून नवऱ्याला विचारलं, "जाऊबाई माझ्यावर रागावल्यात का हो?"

"छे, आज भलतीच खुशीत आहे वहिनी," नवरा म्हणाला. "रागावली की कळेलच. गल्लीला कळतं."

पुढे धाकटीही गिरणीत लागली, थोरलीच्या समोरच्याच मागावर, आणि तिथे तिला निराळीच जाऊबाई भेटली. विणकाम खात्यात ओरडून काही उपयोग नसतो. तिथल्या बायका आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलतात आणि समोरची ते ओठ वाचते. घरी तोफखाना असलेली ही बाई मागावर इतकं हळुवार बोलायची की धाकटी चाट पडली. सासूची गाऱ्हाणी, नवऱ्यांच्या नकला, पहिल्या बाळंतपणाची भीती, सगळं त्या खडखडाटात बोलून व्हायचं. मुकादमाला वाटायचं, काय दंग होऊन काम करतात बायका! त्या त्याच्या टकलाविषयी बोलत असायच्या. 'जाऊबाई, तुम्ही' हे प्रकरण ओठांवर फार लांबतं, म्हणून मागावर धाकटी तिला सरळ 'अगं' म्हणायची. भोंगा झाला, दोघी घरी आल्या, की पुन्हा जाऊबाई आणि पुन्हा तुम्ही.

घरी बोलायची सवय त्यांना कधी लागलीच नाही. गिरणी बंद पडली तेव्हा ते लक्षात आलं. एका स्वयंपाकघरात दोघी दिवसभर गप्प, आणि थोरली बोललीच तर धाकटीला वाटायचं, भांडतेय. एकदा खरंच भांडण झालं. निमित्त एका झाकणाचं. ते कुठल्या पातेल्याचं, हे आता कुणालाच आठवत नाही. पण रागाच्या भरात थोरलीने गवंडी बोलावला आणि स्वयंपाकघराच्या मधोमध भिंत घातली. दोन दारं झाली, दोन चुली झाल्या. यथावकाश दोघींचे नवरे गेले. प्रत्येक वेळी एक जाऊ दुसरीच्या दारात आली, भिंतीला टेकून बसली आणि न बोलता परत गेली.

मग कधीतरी आपल्या शहराला वारसा आहे असा शहराला शोध लागला. एका तिकिटात तीन स्थळं: धूर न सोडणारं धुराडं, पाणी नसलेला कालवा आणि कापड न विणणारी गिरणी. बाहेरगावचे लोक येत, धुराड्याकडे मान वर करून बघत, आणि मान दुखायला लागली की गिरणीच्या संग्रहालयात शिरत. तिथे दोन माग दुरुस्त करून चालू केले होते. संग्रहालयाच्या बाईंनी ते चालवायला शोधून शोधून आणल्या त्या नेमक्या या दोघी.

पहिल्या दिवशी दोघी रस्त्याच्या दोन कडांनी चालत आल्या. माग सुरू झाले, धोटा इकडून तिकडे धावायला लागला, आणि समोर धाकटीचे ओठ हलले, "अगं, केसात कापूस अडकलाय तुझ्या."

"राहू दे," थोरलीचे ओठ म्हणाले. "आता या वयात तेवढाच दागिना!" आणि तिला पुढचे धागे दिसेनासे झाले.

त्यानंतर दोघी रोज बोलायच्या. एकदा एक टोपीवाला पाहुणा बायकोच्या कानाशी लागला. थोरलीने त्याचे ओठ वाचले आणि धाकटीला कळवलं, "विचारतोय, या खऱ्या आहेत का मेणाच्या."

"सांग मेल्याला, मेणाच्या असतो तर या उकाड्यात कधीच वितळलो असतो."

माग थांबले की ओठ मिटायचे. पुन्हा रस्त्याच्या दोन कडा, दोन दारं. थोरलीच्या मनात एक गोष्ट घोळत होती. भिंत पाडायची. दोन म्हाताऱ्यांना दोन चुली कशाला? हे मागावरच सांगायचं, दुसरीकडे कुठे सांगता येणार नव्हतं. आरशासमोर उभी राहून ती ओठांची तालीम करायची. पण रोज मागावर आधी शेजारणीचा विषय निघायचा, मग गुडघ्यांचा, आणि तेवढ्यात माग थांबायचे. उद्या सांगू, ती म्हणायची.

तो उद्या यायच्या आत इंजिनिअर आला. मागांच्या हादऱ्याने गिरणीच्या भिंतीला तडा गेला होता. त्याचं खोटं नव्हतं, तड्यात हात जात होता. माग कायमचे बंद झाले आणि दाराशी एक लाल बटण बसवलं. दाबलं की पेटीतून खडखडाट यायचा. दोघींनी मागाशेजारी नुसतं उभं राहायचं.

एका मुलीने बटण दाबलं. थोरलीने घाईघाईने ओठ उघडले, "अगं ऐक, ती भिंत..." आणि आवाज संपला. मुलगी शेजारच्या दुसऱ्या, भोंगा वाजवायच्या बटणाकडे पळाली. मग थोरली स्वतःच दाराशी गेली, बटण दाबलं आणि दुखऱ्या गुडघ्यांनी परत निघाली. ती मागापाशी पोचेपर्यंत पेटी गप्प. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा रखवालदार म्हणाला, "आजी, ते पाहुण्यांसाठी आहे." आठवड्याभरात संग्रहालयाच्या बाईंनी दोघींचा मोठा फोटो मागाशेजारी लावला आणि त्यांना निरोप दिला.

शेवटी थोरली धाकटीच्या दारात जाऊन उभी राहिली. धाकटी चुलीपाशी होती. थोरलीने अगदी हळू बोलायचं ठरवलं होतं, पण तिच्याकडे आवाज होता तो एकच.

"ही भिंत नको मला! पाडून टाकते!"

धाकटी पांढरीफटक पडली. "पाडा! माझ्या डोक्यावरच पाडा! घातलीत तेव्हा विचारलं होतं मला? आता अख्खं घर पाहिजे तुम्हाला!" आणि ती चुलीकडे तोंड करून बसली.

थोरलीने आवाज बंद केला. नुसत्या ओठांनी, मागावर बोलायची तसं, सगळं सांगितलं. "अगं, तसं नाही गं. एकच चूल करू. मला एकटीला घास जात नाही." दोनदा सांगितलं. पाठीला ओठ वाचता येत नाहीत. धाकटी वळेल म्हणून ती उभी राहिली, आणि मग आपल्या दाराने आत गेली.

धाकटी आपल्या लेकीकडे राहायला गेली. तिचा भाग एका टायरवाल्याने गोदामासाठी घेतला.