आईच्या दम्यावर नऊ सह्या

आईने श्वास कसा घ्यावा, हे आमच्या बोरी बुद्रुकच्या घरात बहुमताने ठरत असे. ‘पंप ओढू नको, सवय लागते’ हा तात्यांचा, म्हणजे धाकट्या काकांचा ठराव. ‘ओव्याची धुरी घे’ हा आत्याचा. आई दोघांचं ऐकायची आणि कांद्याच्या चाळीमागे जाऊन गुपचूप पंप ओढायची.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. पुण्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आईला विचारलं, दम्याच्या नव्या औषधाची चाचणी आहे, भाग घ्याल का? चार पानी संमतीपत्र दिलं. घरी न्या, वाचा, ठरवा.

वडिलांची चळवळीच्या जुन्या पत्रकांनी भरलेली ट्रंक हीच माझी बालवाडी! मी ओट्यावर उभी राहिले. “कंपन्यांना गरिबांचे देह हवेत! माझी आई काय उंदीर आहे?”

“न्हाई गं,” तात्या म्हणाले. “पन कागूद तर वाच.”

वाचला. निम्म्या लोकांना खरं औषध, निम्म्यांना नुसतं तसं दिसणारं. कुणाला काय, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरणार.

“म्हंजी पाटाच्या पाळीगतच की!” तात्या खूश. “कुनाला पानी, कुनाला नुसता पाट!”

मी आणखी तासभर बोलले. (माझी भाषणं तेव्हा तासाच्या हिशेबात असत.) शेवटी वडील वैतागले. “सह्या करू अन् मोकळं होऊ.”

“कुनाच्या सह्या?” काकूंनी विचारलं.

“सगळ्यांच्या,” तात्या ठामपणे म्हणाले. आमच्याकडे जमिनीच्या कागदावर एका भावाची सही राहिली, तर तीन पिढ्या कोर्टात जातात. मग आईसारख्या मोठ्या मिळकतीवर सही राहून कशी चालेल? काकांनी केल्या, काकूंनी केल्या. आत्याला तिच्या सासरच्या गावाहून, आण्याहून, एसटीने बोलावलं. ती येताच म्हणाली, “हक्क सोडते म्हनून लिव्हायचं का?” अशा आठ झाल्या. नववी माझी, निषेधाची! खाली एक ऐसपैस चौकट रिकामी दिसली. तिथे मी लाल पेनाने लिहिलं, ‘माणूस म्हणजे प्रयोगाचं जनावर नव्हे!!!’ आणि सही ठोकली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई कागदाकडे बघतच राहिल्या. “हे सगळे कोण?”

“हिस्सेदार,” तात्या म्हणाले.

“कशाचे?”

“वहिनींचे.”

“सही एकच लागते,” त्या शांतपणे म्हणाल्या, “आणि तीच नाही.”

नव्हतीच. आईच्या सहीची चौकट माझ्या घोषणेने भरली होती. तिची परवानगी न घेता तिचा वापर करणारी पहिली कंपनी मीच निघाले!

बाईंनी नवा कागद काढला, आम्हाला बाहेर घालवलं. आम्ही दाराला कान लावले.

“नुसतंच दिसायचं औषध आलं, तर मला धाप लागल तवा काय करू?” आईचा आवाज.

“तुमचं नेहमीचं औषध चालूच राहील. पंपही.”

“मधीच सोडावं वाटलं तर?”

“कधीही सोडा. इथले उपचार थांबणार नाहीत.”

“अन् त्रास झाला तर?”

बाई सावकाश सांगत होत्या, आई खोदून खोदून विचारत होती. माझ्या तासाभराच्या भाषणात यातला एकही प्रश्न नव्हता. मग पानं उलटल्याची सळसळ आली. चौथीपर्यंत शिकलेली माझी आई चारही पानं स्वतः वाचत होती.

“करते सही,” ती म्हणाली. “मला मोकळा श्वास पायजे. मिळाला तर मिळाला.”

आजही तो आवाज आठवला की वाटतं, एवढ्या वर्षांत तिला काय हवंय, हे घरातल्या कुणीच विचारलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. आता आत जावं, आईच्या पायावर डोकं ठेवावं, म्हणून मी दार ढकलणार, तेवढ्यात बाईंनी पुढचा प्रश्न विचारला.

“धाप कशाकशाने वाढते?”

“धुळीनं,” आई म्हणाली. “धुरानं. अन् आमच्या थोरलीच्या भाषणानं.”

बाईंनी तिन्ही कारणं लिहून घेतली.