मी वाचून दाखवलेला कागद

शाळेत जी मराठी मी शिकवायचो ती घरी कधी बोललो नाही. घरात आणि शेतात सगळी अहिराणीच. म्हसावदपलीकडच्या आमच्या गावात शाळेतली मराठी ऐकू यायची ती माझ्या वर्गात आणि वरून कोणी अंमलदार आला तर चावडीवर. त्यामुळे त्या भाषेत काही वाचलं की ते सरकारचंच, असं लोक धरून चालत. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला सांगू?

कापसातली सरकी वेगळी करायचा कारखाना, म्हणजे जिन, गावात काढणाऱ्या कंपनीचा माणूस शेअर विकायला आला, तेव्हा त्यानं चावडीसमोर मलाच खुर्चीवर बसवलं आणि कंपनीचा छापील कागद हातात दिला. तपासणीला साहेब आल्यावर वाचावं तसा आवाज काढून मी तो वाचला. खाली गोल शिक्का होता. माझी मावशी पुढंच बसली होती. विधवा, मूलबाळ नाही.

"सरकारना शिक्का शे ना रे भाऊ?" तिनं विचारलं.

शिक्का कंपनीचाच होता. मी नीट पाहिलाही नाही. "शे," म्हणून मोकळा झालो.

मावशीनं जपून ठेवलेल्या पाटल्या मोडून शेअर घेतले. म्हातारपणाला तिच्याजवळ तेवढंच होतं.

दोन वर्षं गेली. जिनच्या जागेवर पायाचा खड्डा तेवढा झाला आणि त्यात म्हशी डुंबू लागल्या. कंपनीला टाकलेली पत्रं परत आली. तेव्हा मात्र माझी झोप उडाली. चावडीवर वाचून दाखवलेल्या कंपनीच्या कागदाला भुलून लोकांनी शेअर घेतले, असा अर्ज लिहून मी तालुक्याची कचेरी गाठली.

कारकुनानं अर्ज वाचला. "कंपनी नोंदलेली आहे, पण नोंद मुंबईला होते. पुढं ती जिन काढते की पळून जाते, हे पाहणारं इथं कोणी नाही. मुंबईला लिहा, नाहीतर वकील लावा."

"पण ही फसवणूक आहे," मी म्हणालो. "गुन्हा आहे."

"असं?" त्यानं टाक शाईत बुडवला. पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "मग लोकांना हा कागद वाचून कोणी दाखवला?"

नोकरी जाणार, बेड्या पडणार, घरचे उघड्यावर येणार, सगळं त्या टाकाच्या टोकाला दिसलं.

"ते मला माहीत नाही," मी शुद्ध मराठीत म्हणालो. अर्ज मागून घेतला. त्यानंही खुशाल दिला, त्याचं काम वाचलं. वाटेत मी तो फाडून टाकला. पुढं कितीतरी महिने शिपाई दिसला की मी शाळेचं दार लोटून घ्यायचो.

मावशी अंगणात वाट पाहत होती. "काय म्हणनं सरकार?"

"चौकशी चालू शे."

तिनं विश्वास ठेवला. त्या हंगामापासून ती दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जाऊ लागली. देव्हाऱ्यामागं खणात गुंडाळलेला शेअरचा कागद दर दिवाळीला बाहेर काढायची.

"परत वाची दखाड ना भाऊ. तू वाचस तं मन्हा जीवले बरं वाटस."

मी वाचायचो, त्याच आवाजात. शिक्क्याशी आलो की आवाज कापायला लागायचा. तिला वाटायचं, मला तिची दया येते. ती माझ्या पाठीवरून हात फिरवायची, आणि मी भ्यायलेला असायचो की आज तरी ती विचारेल, चौकशी कोण करतंय.

तिनं शेवटपर्यंत विचारलं नाही.