टेकडीवर उतरताना

तुम्ही कधी टेकडी उतरून तिच्या माथ्यावर पोचला आहात का?

आम्ही पोचलो. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी, भूगोलाच्या प्रात्यक्षिकासाठी. धान कापणीचे दिवस होते. सरांनी आम्हाला गोंदियाहून रेल्वेनं आमगावला नेलं आणि तिथून ऑटोंत कोंबून एका गावाला. काम सोपं होतं. गावाबाहेरच्या टेकडीचा उतार मोजायचा आणि समोच्च रेषांचा नकाशा काढायचा. सारख्या उंचीच्या जागा जोडल्या की या रेषा होतात. टेकडी असली की कागदावर गोलात गोल दिसतात, आडव्या कापलेल्या कांद्यासारखे.

सरांच्या हातातल्या सरकारी नकाशात टेकडी होती. बसथांब्याच्या पाटीवर 'टेकडी' लिहिलेलं होतं. ऑटोवाल्यानंही आम्हाला न विचारता टेकडीपाशीच सोडलं. फक्त टेकडी नव्हती. तिच्या जागी शाळेची अख्खी इमारत मावेल एवढा खड्डा होता.

टेकडीचा लाल मुरूम खोदून शेजारच्या नव्या रस्त्याच्या भरावात टाकला होता. म्हणजे टेकडी कुठं गेली नव्हती, नुसती आडवी झाली होती. गावातली सगळ्यात उंच जागा आता तो रस्ता होता.

सरांनी नकाशा पाहिला, खड्डा पाहिला, पुन्हा नकाशा पाहिला.

"चला, मोजायला लागा," ते म्हणाले.

"सर, काय मोजू?" उतारमापक धरलेल्या मुलानं विचारलं. "यह तो माइनस में आ रहा है."

"चिन्ह लिहू नको. आकडा लिही."

खड्ड्याच्या काठावर एक म्हातारी चपलांच्या ढिगाजवळ बसली होती. टेकडीवरच्या देवाची पूजा तिच्याच घराण्याकडे. ती आमच्यावर ओरडली, "चपला काढा गा! वर देव हाये."

मी वाकून पाहिलं. शेंदूर लावलेला देव खड्ड्याच्या तळाशी होता.

"आजी, देव तर खाली आहे."

"खाली कसा राहील वं? टेकडीवरचा देव हाये तो. खोदणाऱ्यायनं आजूबाजूचं नेलं. देवाले हात कोण लावते? मंग नारळ फोडून फोडून आम्हीच त्याले थोडा थोडा सरकवला."

"म्हणजे खालीच आणला ना?"

"आणला तं आणला. पण हाये तो वरच. तू काऊन एवढी उलटतपासणी करून राहिली?"

तेवढ्यात दोन बायका आल्या. चपला काढल्या, पदर खोचला आणि "चढतो वं मावशी" म्हणत खड्ड्यात उतरल्या. दर्शन घेऊन धापा टाकत बाहेर आल्या तेव्हा एक दुसरीला सांगत होती, "उतरताना लय दम लागून राहिला बाई आता."

माझ्या वर्गमित्रांनी मुकाट्यानं टेकडी काढली. खरं सांगायचं तर काढायला काही अडचण नव्हती. कागदावर टेकडी आणि खड्डा सारखेच गोल दिसतात. खड्डा दाखवायचा तर गोलाच्या आतल्या बाजूनं बारीक रेघा मारायच्या, पापण्यांसारख्या. एवढाच काय तो फरक.

मी त्या रेघा मारल्या.

सरांनी माझी प्रात्यक्षिक वही पाहिली आणि पेनाला टोपण लावलं. "या रेघा खोड. तरच सही."

सही नाही तर परीक्षेला बसता येत नाही, परीक्षा नाही तर वर्ष गेलं. वर्गात सगळ्यांनाच हे माहीत होतं. एकजण मागून कुजबुजला, "खोड ना वं, दोन मिनिटांचं काम."

मी पत्रकांवर वाढले. बाबा बिडी कामगारांच्या संघटनेत, त्यामुळे आमच्या घरी पलंगाखाली पत्रकं, फळीवर पत्रकं, पिठाच्या डब्याखालीही पत्रकं. त्यांतली अर्धी भाषा मला तेव्हा कळत नव्हती, पण एक गोष्ट कळली होती. जे नेलं गेलं ते नेलं गेलं असं लिहायचं. इथं तर अख्खी टेकडी नेली होती!

"सर, खड्डा आहे," मी म्हणाले.

"मला दिसत नाही का?" सर हळू आवाजात म्हणाले. "बाहेरून परीक्षक येणार. त्यांच्याकडे हाच नकाशा असणार. नकाशात टेकडी आणि तुझ्या वहीत खड्डा, मग ते मला विचारतील मुलांना काय शिकवलं. माझी नेमणूक दरवर्षी नव्यानं होते गं. मी काही टेकडीसारखा कायमचा नाही."

आम्ही दोघंही खड्ड्याकडे पाहत राहिलो.

"थांब," ते म्हणाले, "वर जाऊन पाया पडून येतो. तोवर विचार कर." त्यांनी बूट काढले आणि ते उतरले. देवापाशी पावसाचं पाणी साचून गाळ झाला होता. बायका कडेकडेनं जात, सर मधून गेले आणि गुडघ्यापर्यंत रुतले. आम्ही मोजायचा टेप टाकला, तो तुटला. म्हातारीनं गावातल्या ट्रॅक्टरवाल्याचा नंबर सांगितला. सरांनी खालूनच फोन लावला, आवाज मोठा ठेवून.

"हॅलो, मी टेकडीवर अडकलोय. दोर घेऊन ये."

"कौन सी टेकडी, सर?"

"गावाबाहेरची!"

"वो तो हमने ही ट्रॉली में भर-भर के रोड में डाल दी. वहीं आता हूँ."

आणि तो खरंच आला, पण रस्त्यावर. शेजारच्या भरावावरून, आमच्या डोक्याच्याही वरून, ट्रॅक्टर एकदा इकडून तिकडं गेला, मग तिकडून इकडं. आम्ही ओरडत होतो, इंजिनच्या आवाजात त्याला काही ऐकू जात नव्हतं. पुन्हा फोन.

"सर, टेकडी पे तो कोई नहीं है."

सरांनी देवाकडे पाहिलं, वर माझ्याकडे पाहिलं, आणि पोटातून ओरडले, "खड्ड्यात आहे रे! खड्ड्यात!"

"अरे, तो ऐसा बोलो ना."

पाचव्या मिनिटाला दोर आला. बाहेर आल्यावर सरांनी चिखलाचे हात पँटला पुसले, माझी वही मागितली आणि रेघांसकट सही केली. सहीवर त्यांच्या अंगठ्याचा लाल ठसा उमटला. मग बाकीच्यांच्या टेकड्यांवरही त्यांनी तशाच सह्या केल्या. "दोन्ही बरोबर," ते म्हणाले. म्हातारी खूश झाली. तिचंही तेच म्हणणं होतं.

मी परीक्षेला बसले, पास झाले. पण दोन्ही बरोबर कसे असतील? आमच्या कॉलेजच्या कपाटात आजही त्या गावाला ढीगभर टेकड्या आहेत आणि एकच खड्डा.

म्हणून एवढं करा. तुमच्या गावचा नकाशा काढा, त्यातली टेकडी शोधा आणि तिथं जाऊन उभे राहा. ती पाहायला मान खाली घालावी लागली, तर तिथंच पेन काढा, पेन्सिल नको, आणि गोलाच्या आतल्या बाजूनं रेघा मारा.