आत्याची एकुलती एक सून

रोहिणी पहिल्यांदा नजरेत भरली ती तलवाड्याच्या पिठाच्या गिरणीत. दळणाचा डबा रांगेत लावून ती भिंतीला टेकून सराव प्रश्नपत्रिका तपासत होती, आणि एकदम ओरडली, "मेलं, पुन्हा तेच!" गिरणीवाला मुंजाजी दचकला. त्याला वाटलं, पीठ जाड आलं.

पिठाचं काही नव्हतं. रोहिणीचे गुण हलत नव्हते.

लिपिक भरतीची ही तिची तिसरी खेप होती. दरवर्षी दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रॅक्टर दारात यायचा आणि ती नवऱ्याबरोबर, गहिनीनाथबरोबर, ऊसतोडीला जायची. यंदा घरात ठरलं होतं: निवड झाली तर ती गावात राहील, नाही तर पुन्हा फडावर.

गेवराईच्या क्लासमधले परमेश्वर सर म्हणायचे, "सराव वाढवा."

"सर, सराव लई झाला. चुका तेवढ्याच हायेत."

"मग मन लावून करा."

परतीच्या जीपमध्ये ती रागाने प्रश्नपत्रिकेची सुरळी करायची आणि घर येईपर्यंत पुन्हा उलगडायची.

शेवटी तिने कात्री घेतली. चुकलेला प्रत्येक प्रश्न कापला आणि तीन रिकामे डबे मांडले. येतच नाही, ते पहिल्यात. घाईत चुकलं, ते दुसऱ्यात. का चुकलं हेच कळत नाही, ते तिसऱ्यात. पहिल्या दोन डब्यांत थोडेथोडे कागद पडले, तिसऱ्याचं झाकण बसेना. तिची चिडचिड वाढलीच. म्हणजे आपण मठ्ठच की काय!

एका दुपारी तिने तिसरा डबा चटईवर पालथा केला. बरेचसे प्रश्न नात्यांचे निघाले. सासू भिवराबाई शेजारी शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या रोहिणीच्या सख्ख्या आत्या, तिच्या वडिलांची थोरली बहीण.

"आत्या, ऐका. सुनंदा म्हणाली, ही माझ्या आत्याची एकुलती एक सून हाय. तर ती सुनंदाची कोण?"

"कोण म्हंजे? ती सोताच की."

"मीबी तेच लिव्हलं. चूक निघालं."

"चूक कावून? तुझ्या आत्याची सून तूच न्हाईस व्हय? का गहिनीनं दुसरी आणली, अन् मलाच ठावं न्हाई?"

रोहिणी हसता हसता थांबली. तिने दुसरा कागद उचलला, मग तिसरा. कागदावरच्या प्रत्येक आत्याच्या घरी ती स्वतः नांदत होती. आत्याचा मुलगा म्हटलं की तिला नवरा दिसायचा. प्रश्न काढणाऱ्याच्या गावात मात्र आत्याच्या घरी कुणी मुलगी देत नसावं. तिथे उत्तर होतं, वहिनी.

तिने सरांना फोन केला.

"आत्या म्हणजे बापाची बहीण, एवढंही येत नाही?"

"येतं की सर. त्याच्यामुळंच तर चुकतंय!"

सर म्हणाले, सराव वाढवा. तिने फोन ठेवला आणि उरलेल्या शेंगा अशा फोडल्या की भिवराबाई म्हणाल्या, "दाण्यांनी काय केलंय गं?"

त्या दिवसापासून ती नात्याचा प्रश्न आला की मनात आपलं घर बंद करायची. सुनंदा कुणीतरी परकी, तिची आत्याही परकी. सराव परीक्षेत गुण भराभर वर आले. त्या आनंदात पहिला डबा तसाच राहिला. त्यात शेकडेवारीचे कागद होते, अगदी तळाला. एवढ्याशाने काय होतंय, असं तिला वाटलं.

परीक्षेत नात्यांचे सगळे प्रश्न बरोबर आले. शेकडेवारीचे चुकले. गुण मागच्यापेक्षा चांगले वाढले आणि तरी निवड थोडक्यात हुकली. इतकी वर्षं नुसतं चुकत होतं, ते सोसलं होतं. आता कुठे चुकलं हे कळत होतं आणि उपयोग नव्हता. त्याचाच तिला जास्त राग आला.

"गुण वाढले ना?" गहिनीनाथने विचारलं.

"वाढले."

"मग?"

"मग काय? ट्रॅक्टर कधी यायलाय?"

भिवराबाईंनी कागद बाजूला काढून तिन्ही डबे धुऊन पालथे घातले. रोहिणीने त्यातला पहिला पुसला, त्याचे कागद पुन्हा त्यात भरले आणि तो सामानात ठेवला.

सध्या ती गहिनीनाथबरोबर कर्नाटकात ऊसतोडीला आहे. लिपिकांच्या पुढच्या भरतीची जाहिरात अजून आलेली नाही.